गादीची कोरी बाजू

नाशिक, दहीपूल
१८ मार्च २०२५

शकुबाई यांस,
मल्हारी शेवाळे, गादीवाले, यांचा नमस्कार.

नाथाची जीप उद्या सकाळी हरसूलकडे निघते आहे, म्हणून हे पत्र आजच लिहून ठेवतो. तुम्ही टेकडी चढून रेंज शोधायची आणि तिथून माझ्याशी पैशांचं बोलायचं, हे तुम्हाला शोभत नाही आणि मलाही. कागदावर माणूस शब्द तोलून टाकतो. तेवढ्यासाठी आपण ही पत्रांची रीत ठेवली आहे, ती मोडू नये.

मुद्द्याचं आधी. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या पाड्यावरून सावरीचा जो कापूस आला, त्याचे सव्वीस हजार रुपये माझ्याकडे बाकी आहेत. मी विसरलेलो नाही. त्या कापसाच्या गाद्या-उशा झाल्या, त्या गिऱ्हाइकांच्या घरी गेल्या, आणि गिऱ्हाइकांचे पैसे गिऱ्हाइकांकडेच राहिले. लोक माझ्या गाद्यांवर गाढ झोपतात, त्यात त्यांचा दोष नाही. गादीच तशी असते.

आता तुम्ही म्हणाल, मग जाऊन मागा. ते माझ्याकडून होणार नाही. धंद्याला बावीस वर्षं झाली, मी कुणाच्या दारात उभा राहून पैसे मागितलेले नाहीत. माझ्या घराण्यात हा धंदा कुणी केला नव्हता. वडील सटाण्याला कांद्याच्या वखारीत कारकून होते. मला कुणी दाभण धरायला शिकवलं नाही. लोकांनी टाकून दिलेल्या गाद्या मी उसवल्या, टाके पाहिले, पुन्हा शिवल्या आणि शिकलो. स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलेला माणूस दारात हात पसरून उभा राहत नाही.

वसुलीची माझी रीत वेगळी आहे. चैत्राच्या तोंडावर गादी उसवावी, कापूस पिंजावा, ऊन द्यावं आणि पुन्हा भरावी, हे सगळ्यांना माहीत असतं. करत कुणी नाही. मी बाकीदारांना निरोप धाडला आहे, 'तुमची गादी फुकट पिंजून देतो.' फुकट म्हटल्यावर कोण नको म्हणेल? गादी एकदा दुकानात आली की मी काही बोलत नाही. गादी माझ्याकडे, माणूस फरशीवर. चार दिवसांत जे आठवायचं ते त्याची पाठ त्याला आठवून देते. मी मागत नाही, पाठ मागते.

तेव्हा निश्चिंत असा. दिवाळीत तुम्हाला सावरीची एक उशी भेट पाठवली होती. तिच्याबद्दल तुम्ही अजून दोन ओळी लिहिल्या नाहीत. मी वाट पाहतो आहे.

आपला,
मल्हारी शेवाळे


पाडा, हरसूल
२४ मार्च

मल्हारीदादा,

पत्र पोचलं. नाथानं मिरच्यांच्या पिशवीत घालून आणलं, वाचताना दोनदा शिंकले. मी सातवीपर्यंतच शिकलेली, जशी बोलते तशीच लिहिते. तुम्ही चुका काढाल, काढा.

सावरीची फुलं गळून गेली. झाडाला पान नाय, नुसती हिरवी बोंडं लटकून हायत. ती काळी पडाया लागली की दोन-तीन आठवड्यांत उतरवायची. बोंड झाडावर फुटलं की कुणासाठी थांबत नाय. मागच्या साली वढ्याकडचं एक झाड राहून गेलं तं तीन दिवस सगळा पाडा पांढरा झाला व्हता. कोंबड्या पांढऱ्या, कुंपण पांढरं, बाया एकमेकीला वळखू येईनात. धुक्यात चालावं तसं आम्ही चालत व्हतो. बघाया लय भारी, पण त्यातला एक दाणा कुणाच्या पोटात गेला नाय.

बाया विचारत्यात. म्हणत्यात, "शकू, तुझा नाशिकवाला भाऊ झोपला काय गं?" मी म्हणते, "नाय गं, त्याची गिऱ्हाइकं झोपल्यात." त्या हसत्यात, पण औंदा पैसे मिळाल्याबिगर बोंडं उतरवायची काठी हातात घ्यायची नाय असं बोलून चुकल्यात. मागचं सगळं मी माझ्या शब्दावर उचललं व्हतं, तुमच्या नाय. गुजरातकडचा एक टेम्पोवाला फिरतोय. बोंडं हायत तशी, न सोलता, पोत्यात भरून नेतो. भाव तुमच्या निम्मा, पण रोख. आखातीच्या, तुमच्या अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी येणार हाय. तवर तुमचे सव्वीस हजार आले तं सावर तुमची. नाय आले तं त्याची, आन मंग दरसाल त्याचीच. बायांना एकदा रोखीची सवय लागली की मी कोण?

उशी बरी हाय. वर फळीवर ठेवली हाय.

तुम्ही स्वतः कशावर झोपता, ते लिहा.

शकुबाई भोये


नाशिक
२ एप्रिल

शकुबाई यांस नमस्कार.

कशावर झोपता, या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे तो विषय संपेल. मी चटईवर झोपतो. कारागिरानं आपल्या मालावर झोपू नये, हात बिघडतो. आमच्या सौ. म्हणतात, "गादीवाल्याशी लग्न केलं आणि पाठीवर चटईचे वळ घेऊन म्हातारी झाले." त्यांचा स्वभाव बोलका आहे.

वसुली रीतीप्रमाणे चालू आहे. गंगापूर रोडला शिकवणी घेणारे एक सर आहेत. तिसऱ्याच दिवशी मान वाकडी धरून दुकानात आले.

"मल्हारीशेठ, झाली का हो पिंजून?"

"कापसाला ऊन लागतंय, सर. घाई केली तर गाठी राहतात."

"अजून किती ऊन?"

"ते उन्हालाच विचारावं लागेल."

त्यांनी एका हातानं मान धरली आणि दुसऱ्या हातानं पैसे दिले. गाद्या संध्याकाळी घरपोच. सिडकोतल्या रविराजचं लग्न होऊन वर्ष झालेलं नाही. तो पहिल्याच संध्याकाळी आला. "काका, घ्या बुवा तुमचे. ती म्हणते, गादी येईपर्यंत मी येवल्याला माहेरी राहते." असे मिळून साडेअकरा हजार जमा आहेत.

आता एक गोष्ट लिहितो, ती हसण्यावारी नेऊ नका. उसवण्याआधी मी प्रत्येक गादीवर दुपारी घटकाभर आडवा होतो. शटर अर्धं ओढून घेतो. ही तपासणी आहे, विश्रांती नव्हे. गादीत माणसाचा ठसा उतरलेला असतो. खांद्याचा खड्डा, कमरेचा खड्डा, कूस कोणत्या अंगाला बदलतो ती वाट. त्या खड्ड्यात मी नेमका बसलो की माझा डोळा लागतो आणि मग जे दिसतं ते माझं नसतं. सरांच्या गादीवर मला नदीकाठी भरलेला वर्ग दिसला. मुलं पाण्यात पाय सोडून बसलेली, फळा पाण्यावरून संथ वाहत चाललेला, आणि सर खडू घेऊन काठाकाठानं त्याच्या मागे. फळ्यावर काय लिहिलं होतं ते वाचणार, एवढ्यात कुणीतरी शटर वाजवलं. रविराजच्या गादीवर काहीच दिसलं नाही. तिच्यात अजून खड्डाच पडलेला नाही, नुसती इकडून तिकडे गडबड.

आज खंडेराव गांगुर्डे यांची गादी आली. पंचवटीत राहतात. गेल्या गणपतीत केलेली, दोन माणसांची, दोन उशांसह, आतून-बाहेरून तुमच्याच सावरीची. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम. तिचे साडेचौदा हजार यायचे आहेत. सावर पिंजत नाहीत, उन्हात पसरून हलक्या छडीनं झोडतात, हे मी तुम्हाला सांगायला नको. ते पैसे आले की पूर्ण सव्वीस हजार एकदम पाठवतो. तुकड्यातुकड्यानं देणं माझ्या स्वभावात नाही.

उशीबद्दल 'बरी हाय' एवढंच लिहिलंत. तिच्या कडेला मी आतून दुहेरी शिवण घातली आहे. ती पाहिलीत का?

आपला,
मल्हारी


पाडा
८ एप्रिल

दादा,

तुमच्या स्वभावात नाय, पण माझ्या बायांच्या पोटात तुकडा बी चालतो. हायत तेवढे धाडून द्या. सव्वीस हजार एकदम बघून त्यांना काय फोटो काढायचा हाय?

बोंडं काळी पडाया लागली. माळावरची दोन फुटली बी. काल दुपारी अंगणात बसले व्हते तं सावरीची एक म्हातारी हवेतून उडत आली, मांडीवर बसली, जरा दम खाल्ला आन उठून गेली. पाहुणीसारखी.

फळ्याचं सपान नातीला वाचून दाखवलं. ती म्हणती, "आजी, त्यांना सांग, फळ्यावर काय लिवलं व्हतं ते परत झोपून बघा."

शिवण बघितली. दुहेरी हाय.

शकुबाई


नाशिक
१५ एप्रिल

शकुबाई यांस,

सोबत नाथाच्या हाती साडेअकरा हजार पाठवतो आहे. बाकीच्याबद्दल जे लिहितो आहे, ते शांतपणे वाचा.

मी खंडेरावांची गादी तपासली. डाव्या बाजूला जड अंगाच्या माणसाचा खोल खड्डा. हा माणूस डाव्या अंगावर, अगदी कडेला, बाकी गादीकडे पाठ करून झोपतो. उजवी बाजू मात्र कोरी. मी शिवून दिली तशीच, सूतभरही दबलेली नाही. उशांचं तेच. एकीवर तेलाचा डाग आणि डोक्याचा खळगा, दुसरी भरल्या दिवसांच्या बाईसारखी फुगलेली. आठ महिन्यांत त्या बाजूला कुणी पाठ टेकलेली नाही.

मी त्या कोऱ्या बाजूवर आडवा झालो. पांढरं रान दिसलं, सावर फुटून पडल्यासारखं, पाऊल टाकलं तरी आवाज नाही. रानाच्या बांधावर एक बाई उभी होती. चपला हातात. मी आतून म्हणत होतो, "या, या ना." ती माझ्याकडे पाहायची, पाऊल उचलायची आणि परत बांधावरच ठेवायची. रानात काही आली नाही. जागा झालो तेव्हा माझ्या कानात सावर गेली होती आणि डोळे ओले होते.

गादी पोचवली तेव्हाच्या मोहिनीबाई मला आठवतात. खंडेरावांच्या मंडळी. त्यांनी गादीवर तळहात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा तर ढगच की!" आजवर माझ्या कामाला कुणी याहून चांगलं नाव ठेवलेलं नाही.

खात्री करावी म्हणून काल सकाळी पंचवटीत गेलो. गादी शिवून सोबत नेली होती. दार खंडेरावांनी उघडलं. मी विचारलं, "वहिनी?" त्यांनी माझी नजर चुकवली. "आत पडलीय जरा," म्हणाले आणि पडदा ओढून घेतला. सकाळच्या दहा वाजता कोण पडतं? आतून कसला आवाज नाही. कोपऱ्यात एक गोधडी घडी घालून ठेवलेली होती, पाहुणा येऊन गेला असावा. गॅलरीत कुरडया वाळत होत्या, त्या शेजारणीनं घातल्या असाव्यात. मला इतर काही वाचता येवो न येवो, खड्डा वाचता येतो. त्या घरात आता बाई उरलेली नाही. गेली की सोडून गेली, ते मी विचारलं नाही. तो माणूस मात्र अजून ते कबूल करत नाही, रोज कडेला झोपून तिच्यासाठी जागा ठेवतो.

मी गादी अंथरून दिली, कोरी बाजू हातानं सारखी केली आणि निघालो. साडेचौदा हजार मी सोडले. अशा घरात पैशांचा विषय माझ्यानं निघणार नाही. तुमचे राहिलेले दिवाळीपर्यंत कसेही करून देईन. बायांना समजावून सांगा. त्याही बायाच आहेत, समजून घेतील.

मल्हारी


पाडा
२० एप्रिल

मल्हारीदादा,

पैसे वाटले. ज्यांना मिळाले त्या गप हायत, ज्यांना नाय मिळाले त्या माझ्या अंगणात बसून हायत. तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. बांधावरच्या बाईपातुर सगळ्या डोळे पुसत व्हत्या. कुरडया आल्या तशी एक जण म्हणाली, "थांब थांब, परत वाच."

अहो दादा, बाई गेलेल्या घरात कुरडया कोण घालतं? शेजारीण तिच्या गॅलरीत घालील का तुमच्या खंडेरावाच्या? आन पाहुणा गेला तं त्याची गोधडी अशी हाताशी, कोपऱ्यात कशी राहती? ती रोजची हाय. ती बाई घरात हाय आन गोधडी टाकून खाली फरशीवर झोपती. पडद्यामागं उभी राहून तुमचं बोलणं बी ऐकत आसंल. तुम्हाला खड्डा वाचता येतो, कबूल. पण जिथं खड्डा नाय तिथं काय लिवलंय ते तुम्हाला नाय वाचता आलं.

का झोपत नाय? माझ्याकडून ऐका. तुमची उशी मी फळीवर ठेवली ती काय उंदरांपायी नाय. आली त्या दिवशी मी तिच्यावर डोकं टेकवलं व्हतं. लय मऊ. पण त्यातली सावर बायांनी उतरवलेली, सोललेली, आन त्यांचे पैसे तुमच्याकडं. डोळा लागतोय तवर कानापाशी बाया बोलाया लागल्या, झाडाखाली बसून बोलत्यात तशा. कुणी भांडत नव्हतं, नुसत्या बोलत व्हत्या. मी उठले आन उशी वर ठेवली. ज्या वस्तूचं देणं फिटलं नाय तिच्यावर बाईला झोप येत नाय. पुरुषाला येती. तो कडेला पाठ करून का हुईना, झोपतो.

तुमच्या सपनातली बाई बांध का वलांडत नव्हती, आता कळलं का? चपला हातात घेऊन उभी हाय बिचारी. तिला यायचंय.

आन तुम्ही तरी चटईवर कशापायी झोपता? हात बिघडतो म्हणं! माझ्याशी खोटं बोलू नका.

आता शेवटचं. तुम्ही साडेचौदा हजारांची दया केली ती माझ्या बायांच्या पैशातली केली. दया करायची तं आपल्या खिशातली करावी. टेम्पोवाला २९ तारखेला येतोय. बोंडं त्याच्या आधीच फुटतील का काय, अशी हायत. जा, त्या दारात उभे ऱ्हावा आन तोंडानं मागा. पाठीनं नाय. तोंडानं.

शकुबाई


नाशिक
२७ एप्रिल

शकुबाई यांस,

तुमचं पत्र मी तीन दिवस खिशात घेऊन फिरलो. पहिल्या दिवशी मला राग आला. दुसऱ्या दिवशी पत्रात चूक शोधली, सापडली नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, पंचवटीत गेलो.

दार मोहिनीबाईंनी उघडलं. हाताला कोपरापर्यंत गव्हाचा चीक लागलेला.

"गादीवाले ना? या. आलात एकदाचे."

मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही... बऱ्या आहात?"

"मला काय धाड भरलीय?"

खंडेराव पेपर खाली ठेवून गॅलरीत गेले, कावळे हाकायला. कावळे नव्हते.

मी बसलो. मोहिनीबाईंनी पाणी दिलं, प्यालो. सरबत दिलं, प्यालो. बावीस वर्षं जीभ ज्या कामाला वळली नाही, ती एका सकाळीत कशी वळणार? मी भिंतीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटली होती, ती कशी बसवावी यावर मी थोडं बोललो.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "काय काम काढलंत?"

मी उभा राहिलो. बसून मागता येईना. म्हटलं, "वहिनी, गादीचे साडेचौदा हजार रुपये बाकी आहेत. ते मला पाहिजेत."

आवाज माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि बंद झालं. मला वाटलं, आता छत कोसळेल. मोहिनीबाईंनी पदराला हात पुसले आणि खुर्चीत बसल्या, खूप चालून आल्यासारख्या.

"आठ महिने झाले," म्हणाल्या, "हा माणूस मला सांगतोय, गादीवाल्यांनी प्रेमानं दिली, ते पैसे मागत नाहीत. मी म्हटलं, का? आपलं त्यांचं नातं काय? तर म्हणे, मागणं त्यांच्यात बसत नाही, दिले तर अपमान समजतील. परवा तुम्ही आलात. मी पडद्यामागे श्वास रोखून उभी. म्हटलं, आज मागतील. तुम्ही गादी अंथरलीत, वर हात फिरवलात आणि निघून गेलात! मी काय तुमच्या मागे रस्त्यानं नोटा घेऊन पळायचं?"

"मी देणारच होतो," खंडेराव गॅलरीतून म्हणाले. त्यांची कंपनी गेल्या वर्षी बंद पडली, हे मला आज कळलं.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही ढगावर झोपा."

मग त्यांनी स्वयंपाकघरातून एक डबा आणला. कुरडया, पापड, सांडगे, अशा ऑर्डरींचे पैसे. मार्चपासून पूर्ण रक्कम तयार होती. फक्त मागणारा येत नव्हता. मी पैसे घेतले. "पावती," त्या म्हणाल्या. मी पावती लिहून दिली. ती त्यांनी दोनदा वाचली आणि गादीच्या उजव्या कोपऱ्याखाली सरकवली.

शकुबाई, यापुढचं मी फक्त तुम्हाला लिहितो आहे. मोहिनीबाईंनी मोरीत जाऊन पाय धुतले, पुसले आणि कोऱ्या बाजूच्या कडेला बसल्या. "बघू तरी, कसं वाटतं ते," म्हणाल्या. मग आडव्या झाल्या. "चीक गॅसवर आहे, खंडेराव, तेवढा..." इतकं म्हणाल्या आणि वाक्य तिथेच राहिलं. सकाळच्या अकरा वाजता, उन्हाची तिरीप तोंडावर, एक हात अजून चिकानं पांढरा. श्वास असा, की गादी त्यांच्याबरोबर वर-खाली होते आहे.

आम्ही दोघं उभे राहिलो. खंडेरावांनी गॅस बंद केला, बटण वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी. तेवढ्यात कुरडयांवर खरोखरच कावळे आले. आम्ही गॅलरीत गेलो. ओरडायची सोय नव्हती. दोन मोठी माणसं न बोलता हात हलवत होती, मी डावीकडून, ते उजवीकडून. बराच वेळ. खाली रस्त्यावरच्या एका बाईनं आम्हालाही उलट हात हलवला.

निघताना पाहिलं, चपला दाराशी नीट लावून ठेवलेल्या होत्या.

हे पत्र नाथा आजच नेतो आहे, पैसे मात्र त्याच्या हाती पाठवत नाही. उद्या त्याच्या जीपमधून मी स्वतः घेऊन येतो. टेम्पोवाल्याला सांगा, उशीर झाला.

मल्हारी


पाडा
२ मे

मल्हारीदादा,

आखाती झाली. टेम्पोवाला आला, रिकाम्या झाडांकडं बघून गेला.

तुम्ही परवा जीपीत बसताना विचारलं, "मी फार वेळ झोपलो का?" बायांसमोर सांगता येईना, म्हणून लिहिते.

तुम्ही पैसे वाटले, एकेकीच्या हातात, नाव विचारून. तिथपातुर शुद्धीवर व्हतात. तुमचं पत्र आदल्या सांजेला आलं तशाच बायांनी काठ्या घेतल्या व्हत्या; मंग ती बोंडं सोलून ढीग लागत व्हता तिथं आलात आन म्हणालात, "जरा माल तपासतो." ढिगावर आडवे झालात. डोळे मिटायच्या आधीच घोरत व्हतात. जीप गेली, नाथा हाका मारून गेला. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठलात. तुम्हाला वाटलं तीच दुपार हाय आन चहा मागितलात.

बायांनी तुम्हाला उठवू दिलं नाय. तुमच्या भवतीनं बोंडं सोलत राहिल्या. वारा सुटला की सावर उडायची आन तुमच्या भुवयांवर बसायची, मिशीवर बसायची. नात म्हणाली, "आजी, हा बाबा ढगातून पडला काय?" आन झोपेत तुम्ही मोठ्यानं बोलत व्हतात. काय बोलत व्हतात सांगू? "माझे पैसे द्या! साडेचौदा हजार! द्या माझे पैसे!" असं, हात पुढं करून. बायांनी हसून हसून पोटं धरली. एकीनं तुमच्या तळहातावर बोंड ठेवलं तं तुम्ही मूठ मिटलीत आन गप झालात.

काल तुमच्या सौ.चा निरोप नाथाबरोबर आला. चटई आता झोपायला लागत नाय, गच्चीवर वाळवणाला घेतली म्हणत्यात.

मी उशी फळीवरनं काढली. बाया आल्या नाय. नुसता अंधार, मऊ.

औंदाचा माल तोलून, शिवून जीपीत घातला हाय, वजन पोत्यावर लिवलंय. ढिगाच्या कडेकडेनं भरत गेलो. तुम्ही उठला तवर सगळी सावर पोत्यात गेली व्हती, तुमच्या अंगाखाली व्हती तेवढीच उरली. तिच्यात तुमचा खड्डा पडला हाय, खांद्याचा, कमरेचा, तुम्ही लिहिता तसा. ती आम्ही हलवली नाय. मांडवाखाली हाय तशी ठेवली हाय, वर लुगडं टाकून. तिचं वजन झालं नाय, तिचे पैसे तेवढे बाकी.

ते मी मागणार हाय. दारात येऊन, तोंडानं.

शकुबाई